एक्स्टर्नल डिस्कवर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरातला लॅपटॉप धडधाकट आहे, पण प्रोसेसर जुना किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघावीशी वाटते, पण त्याच लॅपटॉपवर मुलांचे फोटो, टॅली, बँकेची कागदपत्रं असतात आणि आतल्या डिस्कला हात लावायची छाती होत नाही. अशा घरांसाठी एक्स्टर्नल डिस्कवरची सिस्टीम हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. मात्र ती नीट बसवली तरच. नीट म्हणजे काय, तर डिस्कने लागणारं सगळं स्वतःबरोबर आणावं आणि ज्या संगणकाला जोडली त्यात शक्यतो काहीही मागे ठेवू नये. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका अटीत आहे.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवतात तेच का हे?

नाही. पेन ड्राइव्हवर असते ती लाइव्ह सिस्टीम. २००० साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढलं तेव्हापासून ही पद्धत लोकप्रिय झाली. त्यात सगळी सिस्टीम दाबून बांधलेल्या एका फाइलमध्ये असते आणि ती फाइल फक्त वाचली जाते. तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि बंद केलं की जातात. 'पर्सिस्टन्स' नावाची सोय वापरून ते बदल वेगळ्या जागेत साठवता येतात, रूफससारखं (बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं) साधन तशी जागा करून देतं. पण मूळ फाइल तशीच राहते, अपडेट तिच्यावर थरासारखे साचत जातात आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलायची वेळ आली की गाडी बहुधा अडते. पपी लिनक्स आणि एमएक्स लिनक्स ही लाइव्ह पद्धत फार चांगली सांभाळतात, तो त्यांचा खास प्रांत आहे.

इथे आपण बोलतोय ते पूर्ण इन्स्टॉलेशनबद्दल. लॅपटॉपच्या आत जशी सिस्टीम बसते तशीच्या तशी बाहेरच्या डिस्कवर. अपडेट, नवे प्रोग्राम, पासवर्ड, फाइली, सगळं नेहमीसारखं. चार दिवस लिनक्स बघायचं असेल तर लाइव्ह पुरे. रोज काम करायचं असेल तर पूर्ण इन्स्टॉलच करा.

घरात १ टीबीची जुनी हार्ड डिस्क पडून आहे. ती चालेल का?

चालेल, पण तुमचा धीर बघेल. अशा डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारणारी तबकडी असते आणि वाचणारा हात प्रत्येक वेळी योग्य जागी सरकावा लागतो. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना एका सरकण्याला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचनं होतात. सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी देते, त्यामुळे लोकांना वाटतं की ती वेगवान आहे. सिनेमा ही सलग पडलेली एक मोठी फाइल असते. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून-तिकडून उचलते. ब्राउझर उघडायला लागणारा अर्धा मिनिट तिथून येतो.

एसएसडी ही चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात सरकणारं काहीच नसतं. म्हणून माझं मत ठाम आहे: जागा कमी घ्या, पण एसएसडी घ्या. १२० जीबीचीसुद्धा १ टीबीच्या तबकडीपेक्षा या कामाला बरी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली अडीच इंची साटा एसएसडी पडून असेल तर यूएसबी केसिंगमध्ये बसवली की झालं. तबकडीवालीच वापरायची असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप निवडा. आणि डेस्कटॉप पीसीतली साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला स्वतंत्र ॲडॉप्टर लागतो, यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही.

साधा पेन ड्राइव्ह मात्र पूर्ण इन्स्टॉलसाठी नको. सिस्टीम सतत बारीकसारीक लिहीत असते आणि स्वस्त पेन ड्राइव्ह त्या माऱ्यासाठी बनवलेले नसतात. आधी मंदावतात, मग एक दिवस फक्त वाचता येतात.

एसएसडी घेतली, तरी संथ चालतंय.

पोर्ट आणि केबल बघा. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३०-४० एमबी हाती लागतात. यूएसबी ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट आहे. बऱ्याच लॅपटॉपवर ३.० च्या पोर्टची आतली जीभ निळी असते, पण सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत. टाइप-सी केबलबद्दल जास्त फसगत होते: मोबाइल चार्जिंगबरोबर आलेल्या पुष्कळ केबली आतून यूएसबी २.० च असतात. डिस्कबरोबर आलेलीच केबल वापरा आणि मध्ये हब घालू नका. काही स्वस्त केसिंगमधली चिप लिनक्सबरोबर अधूनमधून अडखळते, दोन-पाच सेकंद सगळं गोठतं आणि पुन्हा चालू होतं. असं होत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केसिंग बदलून बघा.

कोणतं लिनक्स टाकू?

लिनक्सचे अनेक अवतार आहेत. विंडोजची सवय असेल तर मिंट. थोडी वाचायची तयारी असेल तर डेबियन. उबंटू आणि फेडोराही चालतील. या कामासाठी मला डेबियन विशेष आवडतं, कारण त्याच्या इन्स्टॉलरच्या एक्स्पर्ट पद्धतीत इथे लागणारे दोन नेमके प्रश्न सरळ विचारले जातात: सगळे ड्रायव्हर घ्यायचे की फक्त या संगणकापुरते, आणि बूटलोडर (संगणक चालू होताच सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) काढत्या-घालत्या डिस्कच्या जागीही ठेवायचा का. पहिल्याला 'सगळे' आणि दुसऱ्याला 'हो'.

आतल्या विंडोजला काही होणार नाही ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि 'डिस्क वेगळी आहे, काही होत नाही' हे नेहमी मिळणारं उत्तर अर्धवट आहे.

आजच्या संगणकात यूईएफआय असतं, म्हणजे चालू होताच पहिल्यांदा जागा होणारा आतला प्रोग्राम. त्याच्या जुन्या प्रकाराला बायोस म्हणत, आणि त्याच्या सेटिंगच्या पडद्याला लोक अजून बायोसच म्हणतात. ते सुरू होताना डिस्कवरचं ईएफआय नावाचं एक लहान पार्टिशन शोधतं आणि त्यातली बूटलोडरची फाइल चालवतं. विंडोजचा बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतो. तुम्ही बाहेरच्या डिस्कवर लिनक्स टाकता तेव्हा इन्स्टॉलरला आतलं ईएफआय पार्टिशन आधी दिसतं आणि तो लिनक्सचा बूटलोडर तिथे ठेवून मोकळा होतो. मिंटचा आणि जुन्या उबंटूचा इन्स्टॉलर 'बूटलोडर कुठे ठेवू' असं विचारतो, तुम्ही बाहेरची डिस्क निवडता, तरीसुद्धा यूईएफआयवर तो आतल्याच डिस्कवर जातो. हा दोष वर्षानुवर्षं माहीत आहे.

याचे परिणाम दोन. बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तर ती बूटच होत नाही, कारण किल्ली पहिल्या लॅपटॉपमध्ये राहिली. आणि डिस्क काढून लॅपटॉप सुरू केला की काळ्या स्क्रीनवर 'ग्रब' (लिनक्सच्या बूटलोडरचं नाव) एवढा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. घरातल्यांना वाटतं विंडोज उडाली, आणि कोणीतरी घाबरून फॉरमॅट मारायला दुकानात नेतं. विंडोज जागेवरच असते. बूट मेन्यू (कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी, तिच्या कळा खाली दिल्या आहेत) उघडून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, ती नेहमीसारखी सुरू होईल. मग बायोसमधल्या बूट क्रमात त्यालाच पहिल्या क्रमांकावर आणा.

मग इन्स्टॉल करताना आतली डिस्क कशी वाचवायची?

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ती इन्स्टॉलरला दिसूच न देणं. डेस्कटॉपला साटाची केबल काढा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आतली डिस्क बंद करायची सोय असते, ती वापरा. लॅपटॉप उघडायची सवय असेल तर एनव्हीएमई डिस्क (पट्टीसारखी छोटी एसएसडी) एका स्क्रूवर असते, तेवढी बाहेर काढून ठेवा. आधी बॅटरीची जोडणी सोडवा.

हे जमण्यासारखं नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवर बूट करून जीपार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्राम उघडा, आतल्या ईएफआय पार्टिशनवर राइट क्लिक करून 'मॅनेज फ्लॅग्ज'मधल्या 'बूट' आणि 'ईएसपी' या दोन खुणा काढा. आता इन्स्टॉलर त्याला ईएफआय म्हणून ओळखणार नाही. इन्स्टॉल संपलं की, संगणक रीस्टार्ट करण्याआधी, त्याच खुणा परत लावा. हे विसरलं तर विंडोज सुरू होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून कागदावर लिहून समोर ठेवा.

तुम्हाला दोन साधनं लागतील: इन्स्टॉलर असलेला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि ज्यावर सिस्टीम बसवायची ती डिस्क. पेन ड्राइव्ह रूफस, बॅलेना एचर किंवा व्हेंटॉयने तयार करा; त्यावरचं सगळं पुसलं जातं. डिस्क निवडताना 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबू नका, ती बूटगणिक बदलू शकतात. आकार आणि कंपनीचं नाव वाचून निवडा.

काम झाल्यावर खरी परीक्षा एकच: डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला लावून बूट करणं. अनोळखी संगणक बाहेरच्या डिस्कवर एका ठरलेल्या जागी बूटलोडर शोधतो: 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. ती तिथे असेल तर डिस्क खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाली. नसेल तर पहिल्या संगणकावर बूट करून ग्रब पुन्हा बसवा आणि बसवताना 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्या.

एक नोंद करायला हवी. उबंटू घराण्यातली सिस्टीम नव्या संगणकावर पहिल्यांदा सुरू झाली की त्याच्या बूट यादीत 'उबंटू' असं नाव उमटू शकतं. त्याने विंडोजला धक्का लागत नाही, पण संगणक दुसऱ्याचा असेल तर जाताना बायोसमधून ते काढून टाका.

लॅपटॉप ४८ आकडी की मागतोय!

ती बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की. नव्या विंडोजमध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं किंवा बूट क्रम बदलला की विंडोजला संशय येतो आणि ती की मागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, बहुधा त्याच खात्यात ती जपलेली असते. म्हणून बायोसला हात लावण्याआधी, विंडोज नीट चालू असतानाच, की शोधा आणि वहीत उतरवून घ्या. की सापडत नसेल तर तिथेच थांबा आणि आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्या.

मुळात सिक्युअर बूट बंद करायची गरजही बहुतेकदा नसते. उबंटू, मिंट, फेडोरा आणि डेबियन १० पासून पुढची डेबियन ते चालू असताना बूट होतात. बूट क्रम बदलण्याऐवजी दर वेळी बूट मेन्यूतून डिस्क निवडा.

बूट मेन्यू कसा उघडायचा?

संगणक चालू करताच कळ टकटक दाबत राहायची. डेल आणि लेनोव्हो एफ१२, एचपी एफ९, आसूसचे लॅपटॉप एस्केप, एमएसआय एफ११. एसरमध्ये एफ१२ असतं, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. लेनोव्होच्या काही मॉडेलांना कडेला बारीक भोकात नोव्हो नावाचं बटण असतं, टाचणीने दाबायचं. विंडोज आतून सुरू होत असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' हा पर्याय मिळतो. कळांशी झटापट करण्यापेक्षा हे सोपं.

पार्टिशन कशी करू?

पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची यादी, जीपीटी प्रकारची निवडा. सुरुवातीला ५१२ एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन, मग सिस्टीमसाठी ४०-६० जीबी एक्स्ट४ (लिनक्सची फाइली मांडायची पद्धत), आणि उरलेल्या जागेत हवं तर एक्सफॅट, म्हणजे ती जागा विंडोजवरही उघडते. लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅट २०१९ पासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. फार जुन्या, यूईएफआय नसलेल्या संगणकांवरही डिस्क चालवायची असेल तर १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन जोडा आणि ग्रब दोन्ही प्रकारे बसवा. शाळेच्या लॅबमध्ये पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक असतात, तिथे याचा उपयोग होतो.

विंडोजवर डिस्क लावली तर 'फॉरमॅट करायची का' असं विचारतं.

'कॅन्सल'. विंडोजला एक्स्ट४ वाचता येत नाही आणि न वाचता येणारी जागा ती कधीकधी कोरी समजते. घरातल्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा आणि डिस्कवर कागद चिकटवून 'फॉरमॅट करू नये' असं ठळक मराठीत लिहा. हौसेने मदत करणाऱ्या भाच्याने 'ओके' दाबलं की अख्खं काम गेलं.

प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतील का?

बहुधा नाही. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात आणि बूट होताना समोरचं हार्डवेअर ओळखून घेतात. विंडोजपेक्षा लिनक्स या कामाला जास्त जमतं ते यामुळे. दोन ठिकाणी अडतं: काही वायफाय कार्डं, विशेषतः ब्रॉडकॉमची, आणि एनव्हीडियाचे ग्राफिक्स. एनव्हीडियाचा खासगी ड्रायव्हर फिरत्या डिस्कवर शक्यतो टाकू नका, तो एका संगणकाला सोयीचा आणि दुसऱ्याला त्रासाचा ठरतो. वायफाय चाललं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट लगेच मिळतं आणि मग हवा तो ड्रायव्हर उतरवता येतो.

दुसऱ्यांच्या संगणकावर माझी डिस्क वापरल्यावर त्यांच्या विंडोजचं घड्याळ चुकतं.

बरोबर साडेपाच तास मागे पडतं ना? दुपारचे तीन वाजले असताना विंडोज सकाळचे साडेनऊ दाखवते. संगणकातल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवते, तर लिनक्स त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी लिहितं. तुम्ही डिस्क काढून निघून जाता आणि मालक गोंधळतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला एकदाच सांगायचं, प्रश्न मिटतो. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीवरचं घड्याळ फिरवून जाऊ नये, इतकी साधी बाब आहे, पण फार कमी जण ती करतात.

मराठी टाइप करता येईल?

उत्तम येईल, आणि एकदा बसवलं की तुमचा कीबोर्ड तुमच्याबरोबर फिरतो. दुसऱ्याच्या संगणकावर 'मराठी कुठे आहे' हे शोधत बसावं लागत नाही. आयबस या टायपिंगच्या सोयीत एम१७एन हा भाषांचा संच जोडला की इनस्क्रिप्ट आणि रोमन लिपीतून लिहायच्या दोन्ही पद्धती मिळतात. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट टाकून घ्या. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधल्या फाइली मात्र युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय वाचता येणार नाहीत. हा लिनक्सचा नव्हे, त्या फाइलींचा प्रश्न आहे. टॅली आणि डिजिटल सिग्नेचरची डोंगल यांच्यासाठी आतली विंडोज राहू द्या.

बाहेरच्या डिस्कवर विंडोजच टाकली तर?

मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ एंटरप्राइझबरोबर 'विंडोज टू गो' ही सोय दिली होती. तिच्यावर मोठे अपडेट बसत नसत, आणि विंडोज १० च्या '२००४' क्रमांकाच्या (२०२० साली आलेल्या) आवृत्तीपासून ती काढून टाकली. रूफस अजूनही अशी डिस्क बनवून देतं. तातडीच्या कामाला ठीक, पण तिच्या भरवशावर रोजचा संसार मांडू नका.

मॅकवर?

इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ऑप्शन कळ धरून बूट होतं. टी२ चिप असलेल्या मॅकमध्ये आधी रिकव्हरीतून बाहेरून बूट करायची परवानगी द्यावी लागते. २०२० च्या शेवटापासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकवर ही डिस्क चालणार नाही, त्यांचा प्रोसेसरच वेगळ्या जातीचा आहे.

चालू असताना केबल निघाली तर?

सिस्टीमच्या पायाखालची जमीन जाते. उघडे प्रोग्राम थोडा वेळ चालल्यासारखे दिसतात, मग 'इनपुट-आउटपुट एरर' येऊ लागतात. केबल परत खोचून उपयोग नाही. पॉवर बटण दाबून बंद करा आणि पुन्हा सुरू करा. एक्स्ट४ बहुतेकदा स्वतःला सावरतं, न जपलेलं काम जातं. मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत असाल तर वेल्क्रोची पट्टी लावून डिस्क झाकणाच्या मागे चिकटवा, केबलला झोल राहू द्या. आणि लॅपटॉप स्लीपमध्ये असताना डिस्क काढायची नाही. हायबरनेट तर बंदच करून टाका: एका संगणकाची गोठवलेली अवस्था दुसऱ्यावर जागी करायला गेलं की सिस्टीमची मोडतोड होते.

ऑफिसच्या संगणकाला लावली तर चालेल?

विचारल्याशिवाय नाही. काम आतल्या डिस्कला न शिवता होत असलं तरी बाहेरून बूट करणं हे ऑफिसच्या सुरक्षेला वळसा घालण्यासारखंच आहे. आयटीवाल्यांची लेखी परवानगी घ्या. याच कारणाने अनोळखी सायबर कॅफेतही जपून राहा: सिस्टीम तुमची असली तरी कीबोर्ड तुमचा नसतो.

डिस्क हरवली तर?

एन्क्रिप्शन नसेल तर ज्याला सापडली त्याला तुमच्या फाइली, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं मिळालं. लॉगिनचा पासवर्ड इथे कामाचा नाही, डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की तो बाजूला पडतो. फिरत्या डिस्कवर लक्स एन्क्रिप्शन, म्हणजे लिनक्सचं डिस्क-कुलूप, हवंच. इन्स्टॉल करतानाच्या त्या एका चौकटीवर टिक करायची आणि मोठा पासवर्ड द्यायचा. नंतर करायचं म्हटलं तर बहुधा सगळं पुन्हा बसवावं लागतं. थोडा वेग कमी होतो, नव्या प्रोसेसरवर तो जाणवतही नाही.

बॅकअपबाबत मिंट वापरणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन सिस्टीमच्या फाइली जपतं. तुमच्या होम फोल्डरमधले फोटो आणि कागदपत्रं ते मुळात घेत नाही. त्यासाठी मिंटमध्येच 'बॅकअप टूल' नावाचा वेगळा प्रोग्राम आहे. त्याची प्रत या डिस्कवर नव्हे, घरातल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवा. वर म्हटलेली १ टीबीची जुनी तबकडी त्या कामाला उत्तम आहे.